सहा महिने फक्त आईचे दूध : हे जमते कसे?

“बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्या” हे वाक्य तुम्ही आरोग्य केंद्राच्या भिंतीवर वाचले असेल, नर्सबाईंच्या तोंडून ऐकलेही असेल. ते पटतेसुद्धा. पण रात्री दोन वाजता बाळ रडू लागते, बाळंतीण दमलेली असते, कोणीतरी म्हणते, “हिला दूधच पुरत नाही.” मग गाईच्या दुधात पाणी घालून वाटी पुढे येते. एकदा वाटी आली की ती सहसा परत जात नाही.

तेव्हा अंगावर का पाजावे एवढे सांगून भागत नाही. कसे पाजावे, अडचण आली तर काय करावे आणि घरातल्या कोणी काय हातभार लावावा, हे माहीत असले म्हणजे आईला यश येते. हे पत्रक त्यासाठी आहे. नवरा-बायकोने ते मिळून वाचावे. घरात वडीलधारी मंडळी असतील तर त्यांनाही वाचून दाखवावे.

“फक्त” म्हणजे काय?

फक्त म्हणजे फक्त. जन्मापासून सहा महिने पुरे होईपर्यंत बाळाच्या तोंडात आईच्या दुधाखेरीज दुसरे काही जाऊ नये. पाणी नाही, मध नाही, साखरपाणी नाही, गाई-म्हशी-शेळीचे दूध नाही, डब्यातली पावडर नाही, ग्राइपवॉटर नाही आणि गुटीही नाही.

डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध, जीवनसत्त्वाचे थेंब, पोलिओचा डोस आणि गरज पडल्यास जलसंजीवनी (ओआरएस) एवढे चालते.

“उन्हाळ्यात तरी दोन चमचे पाणी द्यावेच लागेल ना?” असे खूप जण विचारतात. नाही. आईच्या दुधात शंभर भागांत सुमारे ८८ भाग पाणीच असते. बाळाला तहान लागली तर ते जास्त वेळा पिते आणि तहान भागते. वैशाखातही हेच. वरचे पाणी पाजले तर बाळाचे इवलेसे पोट पाण्याने भरते, दूध कमी जाते, वजन वाढत नाही आणि पाण्यातून हगवणीचे जंतू जातात ते निराळेच.

गुटीबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. ती प्रेमाने, पूर्वापार दिली जाते हे खरे. पण सहाणेवर वेखंड, मुरडशेंग, जायफळ उगाळताना सहाण, हात आणि पाणी किती स्वच्छ असते? मात्रा किती गेली हे कोण मोजते? सहा महिन्यांच्या आत बाळाला तिची गरज नाही. मध तर वर्षाच्या आत देऊच नये. त्यातून क्वचित असा विषार होतो की बाळाचे अंग लुळे पडते.

दूध तयार कसे होते?

गोठ्यातली गोष्ट आठवा. वासराने ढुसण्या दिल्याशिवाय गाय पान्हवत नाही. वासरू लावले नाही आणि धारही काढली नाही, तर चार दिवसांत गाय आटते. बाईचेही तसेच आहे.

बाळ जितके चोखेल तितका आईच्या मेंदूला निरोप जातो की दूध हवे आहे. तेथून दोन रस रक्तात येतात. एक रस दूध तयार करतो, दुसरा ते पुढे ढकलतो. यालाच आपण पान्हा फुटणे म्हणतो. स्तन जितके रिकामे होतील तितके नवे दूध लवकर तयार होते. जितके साठून राहील तितके तयार होणे मंदावते. दुधाची टाकी नसते, तो झरा आहे. उपसला की भरतो.

आता वरची वाटी आल्यावर काय घडते ते पाहू. बाळाला सकाळी गाईचे दूध पाजले. त्याचे पोट भरले, ते तीन-चार तास झोपले. तेवढा वेळ ते आईजवळ प्यायले नाही. निरोप गेला नाही, म्हणून दूध कमी तयार झाले. संध्याकाळी बाळ प्यायला लागले तर दूध थोडे आले, ते रडले. घरचे म्हणाले, “बघा, पुरत नाही.” दुसऱ्या दिवशी दोन वाट्या. आठ-पंधरा दिवसांत दूध खरेच आटते. आईच्या अंगात दोष नव्हता. वाटीने आटवले.

हाच फेरा उलटाही फिरवता येतो. वाटी हळूहळू कमी केली आणि बाळाला दिवसरात्र मिळून आठ-बारा वेळा, नीट धरून, अंगावर घेतले तर बहुतेक आयांचे दूध पुन्हा वाढते. मात्र हे नर्सबाईंच्या देखरेखीखाली, बाळाचे वजन पाहत करावे.

दुसरी गोष्ट मनाची. पान्हा फुटवणारा रस काळजी, भीती, दुखणे आणि अपमानाने अडतो. बाळंतिणीला टोचून बोलणे म्हणजे बाळाच्या तोंडचे दूध काढून घेणे होय. “छान पितंय गं बाळ” एवढे शब्दही औषधाचे काम करतात.

पहिला तास आणि चीक

बाळ जन्मल्याबरोबर कोरडे पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवावे, वरून पांघरूण घालावे. पहिल्या तासाभरात बाळ जागे, तरतरीत असते. तोंडाने आपण होऊन शोधते. या तासात ते प्यायले तर पुढचे काम निम्मे झाले म्हणून समजा. आईची वारही लवकर पडायला मदत होते आणि रक्त कमी जाते.

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे दिसले की देशात शेकडा ८८ हून जास्त बाळंतपणे दवाखान्यात होतात, पण जन्मानंतर तासाभरात दूध मिळालेली बाळे शेकडा ४२ च्या आसपासच आहेत. म्हणजे दवाखान्यात जाऊनही हा तास वाया जातो. म्हणून आठव्या-नवव्या महिन्यातच नवऱ्याने किंवा सोबत जाणाऱ्या बाईने ठरवून ठेवावे आणि तिथल्या सिस्टरना सांगावे, “बाळ लगेच आईजवळ द्या.” शस्त्रक्रिया करून बाळंतपण झाले तरी आई शुद्धीवर असेल तर तासाभरात बाळ लावता येते. टाके दुखू नयेत म्हणून कुशीवर झोपून, किंवा बाळ काखेखाली धरून पाजावे. त्या वेळी मदतीला एक बाई जवळ हवी.

पहिले दोन-तीन दिवस घट्ट, पिवळसर चीक येतो. काही ठिकाणी तो अजून पिळून टाकतात. शेतकरी बंधूंनो, वासराला चीक मिळाला नाही तर ते कसे दगावते हे तुम्हाला सांगायला नको. बाळाचा चीक ही त्याची पहिली लस आहे. तो थोडाच येतो, आणि थोडाच लागतो. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम चमचाभर मावते. “दूध उतरलेलं नाही” म्हणून साखरपाणी देऊ नका. बाळ चोखत राहिले की साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरून येते.

बाळाला धरावे कसे?

पुष्कळ आयांना वाटते, यात शिकायचे काय? पण स्तन दुखणे, बोंडाला चिरा पडणे, बाळाचे पोट न भरणे या तक्रारींचे मूळ बहुधा धरण्यात असते.

१. आईने पाठीला आधार घेऊन आरामात बसावे. वाकून बाळाकडे जाऊ नये, बाळाला छातीशी आणावे.

२. बाळाचे डोके, पाठ आणि कुल्ले एका रेषेत हवेत. नुसती मान वळलेली नको. बाळाचे पोट आईच्या पोटाला टेकलेले असावे.

३. बोंड बाळाच्या वरच्या ओठाला लावावे. ते मोठा आ करील तेव्हा पटकन जवळ घ्यावे.

४. नुसते बोंड तोंडात नको. भोवतीचा काळा भागही, खालच्या बाजूने जास्त, तोंडात जायला हवा.

नीट लागल्याच्या खुणा : तोंड मोठे उघडे, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, आणि काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसतो. बाळ आधी भराभर चोखते, मग सावकाश, खोल घोट घेते आणि गिळल्याचा आवाज येतो. आईला दुखत नाही. दुखत असेल तर करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यात घालून सोडवावे आणि पुन्हा लावावे.

एका बाजूचे पोटभर झाले की दुसरी बाजू द्यावी. सुरुवातीचे दूध पातळ असते, त्याने तहान भागते. शेवटचे दूध घट्ट, स्निग्ध असते, त्याने अंग भरते. घड्याळ बघून बाळाला ओढून काढू नये.

रात्री पाजणे चुकवू नये. दूध तयार करणारा रस रात्री जास्त येतो. बाळ आईजवळच निजवावे. बाळ मुठी चोखू लागले, तोंड वळवू लागले की ती भुकेची खूण समजावी. रडणे ही शेवटची खूण आहे.

दूध पुरते की नाही, हे कसे ओळखावे?

गावात फिरताना सर्वांत जास्त ऐकू येते ते हेच. घरोघरी होणारी बोलणी अशी असतात :

आजी : बाई, माझ्या सुनेला दूधच न्हाई बघा. पोरगं सारखं रडतंय.

नर्सबाई : आजी, बाळ दिवसातून किती वेळा शू करतंय?

आजी : लई वेळा. दुपटी वाळत न्हाईत.

नर्सबाई : मग जे आत जात नाही ते बाहेर कुठून येईल? पाच दिवसांनंतर बाळाने दिवसरात्रीत सहा किंवा जास्त वेळा पांढुरकी शू केली आणि त्याला वरचं पाणी दिलं नसेल, तर दूध पुरतंय.

आजी : पर वजन? जन्मलं तवा होतं त्याच्यापरीस कमी भरलं पाचव्या दिवशी.

नर्सबाई : पहिल्या चार-पाच दिवसांत थोडं उतरतंच. दोन आठवड्यांत जन्माचं वजन पुन्हा भरून निघालं पाहिजे. पुढं पाचव्या महिन्याच्या सुमाराला ते दुप्पट होतं. अंगणवाडीत दर महिन्याला वजन करा, तक्त्यावर ठिपका बघा. आपल्या डोळ्यांपेक्षा काटा खरा.

सून : पण ताई, पहिल्यांदा छाती भरून गच्च व्हायची. आता महिन्याने मऊच लागते.

नर्सबाई : ते चांगलंच आहे. बाळाला लागतं तेवढंच आता तयार होतं. दूध आटलं असं नाही.

सून : आणि मध्येच दोन दिवस ते तासातासाला मागतं.

नर्सबाई : तिसऱ्या आठवड्यात, दीड महिन्यात, तिसऱ्या महिन्यात बाळाची वाढ जोरात होते. तेव्हा ते जास्त मागून तुमचं दूध वाढवून घेतं. दोन-तीन दिवस कळ काढा, मागेल तेव्हा घ्या. वाटी आणू नका.

आजी : मग रडतंय कशानं?

नर्सबाई : आजी, लेकरू भुकेनंच रडतं असं थोडंच आहे? ओलं झालं, उकडलं, गार लागलं, पोटात वारा धरला, नाही तर नुसतं उचलून हवं असतं. संध्याकाळी तर पुष्कळ बाळं उगाच किरकिरतात. तुम्ही खांद्यावर घ्या, पाठ थोपटा. सुनेला तेवढा वेळ डोळा लागू द्या.

मात्र पुढील खुणा दिसल्या तर वाट पाहू नये, ताबडतोब दवाखाना गाठावा : बाळ पीत नाही किंवा फार सुस्त आहे, शू सहापेक्षा कमी वेळा व गडद पिवळी होते, ताप आहे किंवा अंग गार पडले आहे, श्वास जोरात चालतो, तळहात-तळपाय पिवळे दिसतात, किंवा दोन आठवडे होऊनही जन्माचे वजन भरलेले नाही.

आईच्या दुखण्यांवर उपाय

*छाती दगडासारखी होणे.* तिसऱ्या-चौथ्या दिवशी होते. पाजणे थांबवू नका. पाजण्याआधी कोमट पाण्याच्या घडीने शेकावे, हाताने थोडे दूध काढून काळा भाग मऊ करावा, मग बाळ लावावे. पाजून झाल्यावर गार पाण्याची घडी ठेवावी.

*बोंडाला चिरा पडणे.* धरणे सुधारावे. शेवटचे दूध बोंडावर लावून वाऱ्यावर वाळू द्यावे. साबण लावू नये.

*गाठ येणे, लाल होणे, ताप येणे.* दूध साकळून जंतू झाले असावेत. त्याच दिवशी दवाखान्यात जावे. तरीही त्या बाजूने पाजत राहावे, ते दूध बाळाला बाधत नाही. थांबवले तर पू होण्याचा धोका वाढतो.

*बोंड आत ओढलेले असणे.* बाळ बोंड नव्हे तर काळा भाग धरून पिते, म्हणून बहुतेकांना जमते. पहिल्याच दिवसांत नर्सबाईंची मदत घ्यावी.

*सर्दी, ताप, हगवण.* आईला असली तरी पाजावे, हात धुऊन, नाकातोंडावर पदर घेऊन. बाळाला असली तर जास्तच पाजावे. क्षय, एचआयव्ही किंवा दुसरा मोठा आजार असेल, कायमची औषधे चालू असतील तर डॉक्टरांना तसे सांगावे. उपचार चालू ठेवून बहुतेकींना पाजता येते. आपल्या मनाने बंद करू नये.

बाळ कमी वजनाचे असेल, चोखायला दमत असेल, तर आईने त्याला उघड्या छातीशी बांधून ठेवावे आणि काढलेले दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावे. ज्या नाजूक बाळांना स्वतःच्या आईचे दूध मिळत नाही त्यांच्यासाठी मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने मातृदुग्ध पेढी सुरू झाली. आशिया खंडातली ती पहिली. एका आईचे दूध दुसऱ्या बाळासाठी जपून ठेवावे, एवढी त्याची किंमत आहे.

बाळंतिणीचे पोट

पाजणाऱ्या आईला रोज दीड-दोन भाकरी आणि वाटीभर डाळ-उसळ जास्त लागते. भाकरी, वरण, हिरवी भाजी, मेथी, शेपू, शेंगदाणे, गूळ, दूध-ताक, चालत असेल त्यांना अंडी-मासे, सगळे चालते. आळिवाचे, डिंकाचे लाडू करता आले तर उत्तम, न आले तरी दूध थांबत नाही. बाळंतिणीला पाणी कमी देण्याची रीत सोडून द्यावी. पाजायला बसताना तांब्याभर पाणी जवळ ठेवावे. लोहाच्या व चुन्याच्या गोळ्या चालू ठेवाव्यात. मिश्री, तंबाखू मात्र बंद.

सर्वांत शेवटी जेवून उरलेसुरले खाणारी सून आपल्या हाडामांसातून दूध देते. बाळाला मिळते, पण ती झिजते. बाळंतिणीचे ताट आधी वाढावे.

घरच्यांनी काय करावे?

अंगावर पाजणे हे एकट्या बाईचे काम समजले जाते. पण पाहण्यात असे येते की ज्या घरात नवरा आणि सासू पाठीशी उभे राहतात तिथे सहा महिने सहज निभतात.

*नवऱ्याने* : रात्री बाळ उचलून आईजवळ द्यावे, पाजून झाल्यावर ढेकर काढावी, दुपटे बदलावे. पाणी भरणे, सरपण आणणे ही कामे काही महिने आपल्याकडे घ्यावीत. कोणी “दूध पुरत नाही” म्हणाले तर बायकोच्या बाजूने बोलावे. यात कमीपणा नाही. बाळ तुमचेही आहे.

*सासूबाईंनी* : आपला अनुभव सांगावा, धीर द्यावा. मालिश, अंघोळ, शेक यात तुमचा हात कोणी धरणार नाही. बाळाच्या मुखी पहिले काय जावे हे मात्र चीकच ठरू द्या.

*आशाताई* दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. त्या आल्यावर नुसता चहा देऊन बोळवण करू नका. त्यांच्यासमोर बाळ पाजून दाखवा. चूक असेल तर तिथेच सुधारते.

कामावर जाणाऱ्या आईसाठी

कारखान्यात-कचेरीत नोकरी करणाऱ्या बाईला २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. शेतमजुरी करणारीला, ऊसतोडीला जाणारीला असा आधार नाही. हातावरचे पोट असते, दीड-दोन महिन्यांत खुरपे हाती घ्यावे लागते. तिचे बाळ उपाशी राहू नये म्हणून :

• शक्य असेल तर बाळ सोबत न्यावे. बांधावर सावलीत झोळी बांधावी, मोठ्या माणसाला राखणीला ठेवावे. मुकादमाशी नवऱ्यानेच बोलून घ्यावे की दोन-तीन तासांनी पाजायला वेळ मिळेल.

• नेता येत नसेल तर निघण्याआधी पोटभर पाजावे आणि दूध काढून ठेवावे. हात साबणाने धुवावेत, वाटी उकळून घ्यावी. अंगठा व बोटे काळ्या भागाच्या कडेला ठेवून मागे छातीकडे दाबावे, मग एकमेकांकडे दाबावे. बोंड ओढू नये. दूध झाकून थंड जागी ठेवावे, आपल्याकडच्या उन्हाळ्यात चार तासांच्या आत पाजावे. फ्रीज असेल तर २४ तास चालते. ते उकळू नये, वाटी कोमट पाण्यात ठेवून गरम करावे.

• हे दूध वाटी-चमच्याने पाजावे. बाटली नको.

• घरी आल्यावर आणि रात्रभर मागेल तेव्हा पाजावे. रात्रीचे पाजणे दिवसाची तूट भरून काढते.

डबा आणि बाटली

डब्याच्या पावडरवर बाळ वाढवायचे तर सहा महिन्यांत अर्ध्या किलोचे सुमारे ४० डबे लागतात. मजुराच्या घरी ते परवडत नाही, म्हणून दोन चमच्यांच्या जागी एक चमचा पडतो. बाळाचे पोट पाण्याने भरते आणि अंग सुकते. बाटलीचे बूच कितीही धुतले तरी माश्या आणि जंतू सुटत नाहीत. हगवण आणि न्युमोनियाने लहान बाळे दगावतात, त्यांत अंगावर न पिणाऱ्यांना धोका फार जास्त असतो.

म्हणूनच सरकारने १९९२ साली कायदा केला आणि २००३ साली तो अधिक कडक केला. दोन वर्षांखालील बाळांच्या डबाबंद दुधाची, खाद्याची आणि बाटल्यांची जाहिरात करण्यास, फुकट नमुने वाटण्यास बंदी आहे. कोणी फुकट डबा हातात दिला तर घेऊ नका. फुकटचा पहिला डबा संपेपर्यंत आईचे दूध आटते, पुढचे डबे मग पदरचे असतात.

अंगावर पाजणे आणि पाळणा लांबवणे

अंगावर पाजल्याने पाळणा लांबतो हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. पण ते केव्हा खरे आणि केव्हा फसवे, हे नीट समजून घ्यावे. पुढील तिन्ही गोष्टी एकाच वेळी असतील तरच या पद्धतीवर विसंबावे :

१. बाळंतपणानंतर पाळी आलेली नाही.

२. बाळ सहा महिन्यांच्या आतले आहे.

३. बाळ दिवसा आणि रात्री फक्त अंगावरच पिते. दोन वेळांतले अंतर दिवसा चार तासांपेक्षा आणि रात्री सहा तासांपेक्षा जास्त जात नाही.

तिन्ही असतील तर शंभर बायकांत दोघींपेक्षा जास्त जणींना दिवस राहत नाहीत. तिन्हींतली एक जरी तुटली, वरचे दूध सुरू झाले किंवा पाळी आली, की संरक्षण गेले. “अजून पाळी आली नाही, मग दिवस कसे राहतील?” या भरवशावर राहू नका. पहिली पाळी येण्याआधीच बीज तयार होते.

म्हणून दुसरे साधन आधीच ठरवून ठेवा. पाजणाऱ्या आईला चालणारी साधने अशी :

• निरोध : केव्हाही. जबाबदारी नवऱ्याची.

• तांबी (कॉपर टी) : बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत, नाही तर सहा आठवड्यांनी. दुधावर परिणाम नाही.

• छाया गोळी : पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. दुधावर परिणाम नाही.

• अंतरा इंजेक्शन : सहा आठवड्यांनंतर, दर तीन महिन्यांनी.

• माला-एन गोळी : पाजणाऱ्या आईने सहा महिन्यांच्या आत घेऊ नये, तिने दूध कमी होऊ शकते.

• कुटुंब पुरे झाले असेल तर शस्त्रक्रिया. पुरुषांची बिनटाक्याची शस्त्रक्रिया स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आहे. तिच्यानंतर तीन महिने निरोध वापरावा.

कोणते साधन घ्यायचे हे दोघांनी बोलून, आपल्या खुशीने ठरवावे. एक बाळ जन्मल्यावर किमान दोन वर्षे दुसऱ्याचे दिवस राहू नयेत. आईच्या अंगात रक्त भरायला आणि पहिल्या बाळाला आपल्या वाट्याचे दूध पुरते मिळायला तेवढा वेळ लागतो.

सहा महिन्यांनंतर

सहा महिने पुरे झाले की नुसते दूध पुरत नाही. मऊ वरण-भात, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेली केळी, उकडलेला बटाटा, वरून थोडे तूप किंवा तेल असे सुरू करावे. अंगावर पाजणे मात्र दोन वर्षांपर्यंत, पुढेही हवे तर, चालू ठेवावे.

लक्षात ठेवा

• पहिल्या तासात बाळ आईजवळ, पहिल्या घोटाला चीक.

• सहा महिने पाण्याचा थेंबही नाही.

• दिवसरात्र आठ-बारा वेळा, मागेल तेव्हा.

• सहा वेळा शू आणि वाढते वजन म्हणजे दूध पुरते.

• दुखले, अडले तर पाजणे थांबवू नका, नर्सबाईंना भेटा.

• आईला आधी ताट, विसावा आणि गोड शब्द.

• पाळणा लांबवण्याचे साधन वेळेत ठरवा.

तुमच्या घरी, भावकीत, शेजारी कोणी बाळंतीण होणार असेल तर हे पत्रक तिच्या घरी पोचवा. काही शंका असल्यास उपकेंद्रातील नर्सबाई किंवा आशाताई यांना जरूर विचारा. सल्ला मोफत आहे.